दगड हलवण्याआधी: जुन्या दफनभूमीचं स्मृती-उद्यान करताना

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. विचारलेलं एक आहे आणि अडलेलं दुसरंच आहे, असं मला वाटलं. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: साधारण चार एकरांची जुनी दफनभूमी, दफनं थांबून शंभरेक वर्षं झालेली, साडेतीनशेच्या आसपास दगड, त्यातले निम्मे कललेले किंवा आडवे. तुमच्या समितीला ती स्मृती-उद्यान म्हणून लोकांसाठी खुली करायची आहे. आराखड्यात सगळे दगड काढून कडेच्या भिंतीला ओळीनं लावायचे आहेत. मधली जागा सपाट करून तिथे हिरवळ, भोवती गोल पायवाट, बाक, दिवे, एका कोपऱ्यात मुलांची खेळणी आणि मध्यावर कारंजं. तुम्ही विचारलंत, ‘दगड हलवताना फुटू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी? आणि दारावर नाव काय लिहावं?’

दगड न फोडता हलवता येतात. पट्टे, तिपाई, जाड फळ्या आणि घाई न करणारी चार माणसं असली की जमतं. पण ते हलवावेत का, हे तुमच्या आराखड्यात कुणी विचारलेलंच दिसत नाही. मी जवळपास वीस वर्षं जुन्या जागांच्या जतनाचं आणि उद्यानरचनेचं काम करते आहे, त्यात काही दफनभूमीही होत्या. त्या अनुभवावरून सांगते: थडग्यावरचा दगड ही पत्त्याची पाटी असते. त्यावर बहुतेक वेळा ‘इथे’ हा शब्दच कोरलेला असतो. दगड वीस पावलं सरकवला की नाव शाबूत राहतं, पण ‘इथे’ खोटं होतं.

लंडनच्या बनहिल फील्ड्स या जुन्या दफनभूमीत नेमकं हेच झालं. कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक 1827 साली तिथे पुरला गेला. विसाव्या शतकात, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर, 1960च्या दशकात त्या जागेची नव्यानं मांडणी झाली. एका भागातली स्मारकं काढून मोकळी हिरवळ केली गेली आणि ब्लेकचा दगड मूळ जागेवरून हलला. त्यानंतर कित्येक दशकं लोक त्या दगडापाशी फुलं ठेवत राहिले, पण ब्लेक त्याखाली नव्हता. पुढे दोन हौशी अभ्यासकांनी जुन्या नोंदी आणि नकाशे ताडून पाहत मूळ जागा शोधून काढली आणि ऑगस्ट 2018 मध्ये तिथे नवा दगड बसला. ब्लेकसाठी कुणीतरी वर्षानुवर्षं खपलं. तुमच्या साडेतीनशे माणसांसाठी असं कोण खपणार आहे?

भिंतीला दगड लावण्याची कल्पना तुमच्या आराखडाकाराची नाही, ती एकोणिसाव्या शतकातली आहे. लंडनमध्ये दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी होती आणि चर्चच्या आवारातली दफनं तोवर बंद झाली होती. 1881 च्या कायद्यानं अशा जागा बागा म्हणून खुल्या करणं सोपं केलं, 1882 साली मेट्रोपॉलिटन पब्लिक गार्डन्स असोसिएशन ही संस्था निघाली आणि 1884 च्या कायद्यानं बंद पडलेल्या दफनभूमींवर इमारती उभारायला मनाई केली. त्या लोकांनी खरंच मोठं काम केलं. त्यांनी हात घातला नसता तर त्यातल्या कित्येक जागा आज शिल्लकच नसत्या. पण चालायला जागा व्हावी म्हणून त्यांनी दगड उपटून भिंतींना टेकवले, आणि त्याचे परिणाम आता दिसतात. भिंतीला टेकलेल्या दगडाची पाठ कधी वाळत नाही, ओल धरून तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि कुठला दगड कुठून आला हे सांगणारं काहीही उरत नाही. त्यांची तळमळ घ्यावी, पद्धत घेऊ नये.

तुमच्या कामातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून ठरवता येणार नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे? शेवटचं दफन नक्की कधी झालं? ती एखाद्या धर्मसंस्थेची असेल तर त्यांच्या दृष्टीनं ती अजून पवित्र आहे का? वारस, वंशज, त्या समाजाचे आजचे लोक कुठे आहेत? मानवी अवशेष हलवण्याला बहुतेक ठिकाणी स्वतंत्र परवानगी लागते, आणि जागा वारसा यादीत असेल तर दगड सरळ करायलासुद्धा लागू शकते. ही उत्तरं लेखी हातात येईपर्यंत टेंडर काढू नका. लोकांना विचारणं हा तर शेवटी उरकायचा उपचार नव्हेच. 1991 साली न्यूयॉर्कमध्ये एका सरकारी इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं आणि सतराव्या-अठराव्या शतकातली आफ्रिकी लोकांची, त्यातही मुख्यतः गुलामांची, दफनभूमी उघडी पडली. 419 जणांचे अवशेष बाहेर काढले गेले. आपल्या पूर्वजांबद्दल आपल्याला कुणी विचारलंच नाही म्हणून तिथला कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे खोदकाम थांबलं आणि इमारतीचा एक भाग रद्द झाला. 2003 साली ते सगळे अवशेष त्याच जागी सन्मानानं पुन्हा पुरले गेले. 2006 मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पुढच्या वर्षी स्मारक खुलं झालं. आज ते बघताना मन भरून येतं. पण विचारणं आधी झालं असतं तर मधली बारा वर्षं ते अवशेष प्रयोगशाळेच्या खोक्यांत राहिले नसते.

आता जमिनीखालचं बोलू. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

दगड जितके, माणसं तितकीच, असं धरून चालू नका. दगड बसवण्याची ऐपत सगळ्यांची नसायची. लहान मुलं, साथीत गेलेले, बेवारस, परगावचे, यांच्या वाट्याला फार तर लाकडी खूण आली आणि ती कुजून गेली. बनहिल फील्ड्समध्ये सव्वा लाखाच्या आसपास दफनं झाली, आणि आज तिथली स्मारकं अडीच हजारांच्या आत आहेत. तुमच्या आराखड्यात खेळण्यांचा कोपरा ‘रिकामा’ म्हणून दाखवला आहे. माझा अनुभव असा, की जुन्या दफनभूमीत रिकामा दिसणारा कोपरा सगळ्यात भरलेला निघतो. सगळेच सहा फूट खोल असतात हाही गैरसमज आहे. खडक लागला, पाऊस होता, घाई होती, मूल तान्हं होतं, अशा अनेक कारणांनी खड्डे उथळ राहिलेले असतात. दोन-अडीच फुटांवर हाडं लागलेली मी पाहिली आहेत.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराचं चीझमन पार्क हे याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण. तिथली जुनी दफनभूमी बागेसाठी मोकळी करायला 1893 साली एका कंत्राटदाराला नगामागे पैसे ठरवून काम दिलं गेलं. जितक्या पेट्या तितकं बिल, म्हणून त्यानं लहान मुलांच्या पेट्यांमध्ये अवशेष तोडूनमोडून भरले. बोभाटा झाला, काम अर्धवट थांबलं आणि अंदाजे दोन हजार लोक हिरवळीखाली तसेच राहिले. 2010 मध्ये पाण्याच्या पाइपांसाठी चर खणताना पुन्हा सांगाडे निघाले. नगावर पैसे मोजायचं कंत्राट अशा कामात कधीच देऊ नये. दगड सरळ करण्यासाठीही नाही.

म्हणून पहिलं वर्ष, हो, अख्खं वर्ष, फक्त पाहण्यासाठी ठेवा. अभिलेखागारातल्या दफन-नोंदवह्या, जुने नकाशे, कुटुंबांकडचे फोटो गोळा करा. प्रत्येक दगडाला क्रमांक द्या, पण तो दगडावर रंगवू नका, नकाशावर लिहा. जागा, तोंड कुठे आहे, दगडाचा प्रकार, तडे, लेख जसाच्या तसा, अगदी चुकीच्या अक्षरांसकट. पुसट लेख वाचायला खडू, पीठ, फेस असलं काही चोळू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर आरशानं बाजूनं उजेड पाडून फोटो काढा. अक्षरं आपोआप उठून दिसतात. एका कामात आम्हाला कबर खणणाऱ्या माणसाची वही मिळाली होती. त्याला मोजपट्टी माहीत नव्हती, सगळी मापं पावलांत आणि एका झाडापासून. झाड केव्हाच गेलं होतं. पावसाळ्यानंतर एका ठिकाणी गवत वेगळं उगवलं, तिथे उकरलं तर बुंध्याचा कुजलेला गड्डा सापडला, आणि त्या एका बिंदूवरून आम्ही चाळीसहून अधिक नावं जमिनीवर परत मांडू शकलो. जागा आधीच सपाट केली असती तर ते गवत आम्हाला दिसलंच नसतं.

जमिनीखालचं पाहणारं रडार जरूर वापरा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. त्यात हाडं दिसत नाहीत, माती कुठे कधीकाळी उकरली गेली ते दिसतं. कोरड्या, रेताड जमिनीत ते छान चालतं. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी वरच्या थरातच विरून जातात, तिथे जमिनीचा विद्युत-रोध मोजणारी पद्धत जोडीला घ्यावी. रडारला काही दिसलं नाही याचा अर्थ तिथे कुणी नाही असा होत नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: दगड जागेवर, खोदकाम जवळपास शून्य, आणि आराखडा सर्वेक्षणानंतर. तुमच्या हातात आत्ता जो आराखडा आहे तो रिकाम्या भूखंडासाठी काढलेला आहे.

मग उद्यान होणारच नाही का? होईल, आणि चांगलं होईल. फक्त ते जमिनीच्या वर करायचं. थडग्यांच्या रांगांमध्ये मूळच्या वाटा असतातच, बहुधा गवताखाली दबलेल्या. त्या शोधा आणि त्यांचाच सांगाडा धरा. गोल पायवाट सोडून द्या, कारण सरळ रांगांवर गोल वाट काढली की ती कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून जाते. वाट करताना माती न उकरता वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी मिसळू न देणारं) कापड, त्यावर खडीचा थर, त्यावर दगडाची बारीक कच दाबून बसवा. चाकाची खुर्ची जाईल इतका घट्ट आणि पाणी झिरपेल इतका सच्छिद्र पृष्ठभाग मिळतो. बाकांना पाया नको, जड दगडी बैठकीचे बाक नुसते ठेवता येतात. दिव्यांसाठी चर खणावे लागतात, म्हणून मी नेहमी सुचवते की जागा अंधार पडायच्या आत बंद करा. वटवाघळं, घुबडं आणि रातकिडे यांनाही ती रात्री हवी असते. कारंजं रद्द करा. त्याला खड्डा लागतो, पाइप लागतात, ते आज ना उद्या गळतं, आणि ओल ही जुन्या दगडाची सगळ्यात मोठी वैरी आहे. पावसाचं पाणी आत्ता कुठून वाहतं हे मात्र एक पूर्ण पावसाळा पाहून घ्या. निचरा बिघडला की थडगी खचतात.

भराव टाकून जमीन उंच करावी म्हणजे खालचं सुरक्षित राहील, असं कुणीतरी सुचवेलच. थोड्या भागात चालेल, झाडांजवळ अजिबात नाही. बुंध्याभोवती फूटभर माती चढवली तरी मुळं गुदमरतात, आणि झाड दोन-चार वर्षांनी वाळतं, म्हणजे दोष कुणाला द्यायचा तेही कळत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि त्यात यंत्र, भराव, साहित्याचे ढीग काहीही येऊ देऊ नका. दगड मुळांनी उचलला असेल तर आधी विचार करा की खरा धोका किती आहे. शंभर वर्षं झाड आणि दगड एकमेकांना धरून उभे असतील तर झाड तोडल्यावर, मुळं कुजून, दगडच कोसळतो.

दगडांबद्दल आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कललेला प्रत्येक दगड सरळ करायची गरज नाही. उंच, जड आणि हातानं ढकलल्यावर हलणारे दगड आधी हाती घ्या, कारण मुलं त्यांना लोंबकळतात आणि अपघात होतात. तोवर त्यांच्याभोवती साधं कुंपण पुरे. सरळ करताना त्याच खड्ड्यात, खडी आणि भरड वाळू ठोकून बसवायचे, काँक्रीटमध्ये रोवायचे नाहीत. सांधे चुन्याचेच हवेत. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाण्याला बंद, त्यामुळे ओल सांध्यातून न निघता दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि कोरीव अक्षरंच पापुद्र्यासारखी गळतात. जुन्या स्मारकांत लोखंडी खिळे असतील तर ते गंजून फुगतात आणि दगड आतून फोडतात. ते काढून स्टेनलेस स्टीलचे घालणं हे कसबी कारागिराचं काम आहे, बाग करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं नाही. स्वच्छतेला साधं पाणी, मऊ ब्रश, आणि खालून वर हात. आम्ल, ब्लीच, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर यांना आवारात प्रवेशच नको. आणि प्रत्येक दगड पांढराशुभ्र करायचा अट्टहास का? त्यावरचं दगडफूल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं, कधी त्याहूनही कमी. ते एका दुपारी खरवडणं मला पाहवत नाही.

इथे मला एक दुखरी गोष्ट सांगायची आहे. एका जागी मी कामावर रुजू होण्याआधीच ‘साफसफाई’ झाली होती. दोन दिवसांत पडलेले सगळे दगड उचलून एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, फोटो नाही, नकाशा नाही. कुणाचा हेतू वाईट नव्हता, सगळ्यांना जागा नीटनेटकी हवी होती. पुढची दीड वर्षं आम्ही जुने फोटो आणि नोंदवही घेऊन एकेक दगड परत न्यायचा प्रयत्न केला. निम्म्याहून थोडे अधिक परत गेले. उरलेल्यांसाठी आम्ही एक वेगळी आडवी बैठक केली आणि तिथे स्पष्ट लिहिलं की या दगडांच्या मूळ जागा हरवल्या आहेत. त्यातल्या एका दगडावर तीन भावंडांची नावं आहेत, एकाच आठवड्यातली. ती कुठे आहेत, हे आता कुणालाच कळणार नाही.

हिरवळीबद्दल. एकसारखं कापलेलं लॉन इथे नकोच. त्याला पाणी लागतं, खत लागतं (खतांतले क्षार दगडात चढतात), आणि गवत कापायची यंत्रं दगडांचे पाय खातात. नायलॉनच्या दोरीचं यंत्र तर दोन-तीन वर्षांत मऊ दगडाला कंबरेसारखी खाच पाडतं. दगडाभोवती हातभर गवत हातानं कापा, बाकीचं वर्षातून दोन-तीनदा, फुलं झडून बी पडल्यावर. वाटांच्या कडा तेवढ्या नीट राखा, म्हणजे लोकांना कळतं की जागा बेवारस नाही, कुणीतरी तिची काळजी घेतंय. उंच गवत आणि राखलेली कड, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की तक्रारी फारशा येत नाहीत.

लोकांनी तिथे काय करावं, यावरून तुमच्या समितीत वाद होणार, आणि तो झालेला बरा. दफनभूमीत फिरायला जाणं नवीन नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न 1831 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या शहरांत सार्वजनिक बागा नव्हत्याच म्हणावं, लोक तिथेच टेकड्या आणि तळी बघायला जायचे, आणि त्यातूनच पुढे सार्वजनिक बागांची मागणी जोर धरू लागली. लंडनचं अ‍ॅबनी पार्क 1840 मध्ये दफनभूमी आणि वृक्षसंग्रह असं एकत्रच सुरू झालं. कोपनहेगनच्या असिस्टन्स दफनभूमीत तत्त्वज्ञ किर्केगॉर आणि परीकथाकार अँडरसन यांच्या कबरी आहेत, आणि लोक तिथे पुस्तक घेऊन उन्हात पडलेलेही असतात. तिथे शांततेचे आणि वावराचे भाग वेगळे राखले आहेत, म्हणून ते निभतं. मुलांची खेळणी मी सरसकट नाकारणार नाही, पण ती सर्वेक्षणात खरोखर मोकळ्या निघालेल्या जागी, पायाशिवाय ठेवता येतील अशी, आणि त्या समाजाच्या संमतीनं. संमती नसेल तर खेळणी नकोत, एवढं साधं आहे. मुलांना दगडावरची नावं वाचून दाखवली तर ती तशीही रमतात.

काम सुरू झाल्यावर कुठेही हाडं दिसली तर काय करायचं, हे मजुरांना पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेत सांगा: हात थांबवा, स्वच्छ कापडानं झाका, फोटो काढू नका, जबाबदार माणसाला बोलवा. तो माणूस कोण, त्याचं नाव करारात लिहिलेलं असू द्या. आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही असंही लिहा, नाहीतर सापडलेलं मुकाट्यानं परत मातीत दाबलं जातं.

राहता राहिलं दारावरचं नाव. ‘शांतिवन’, ‘स्मृतिगंध’ असली नावं सुचवली जातील. माझं मत विचाराल तर नोंदवहीत जे जुनं नाव आहे तेच मोठ्या अक्षरांत ठेवा आणि त्यात ‘दफनभूमी’ हा शब्द असू द्या. आत येणाऱ्याला आपण कुठे पाऊल टाकतोय ते कळायला हवं. त्याखाली पहिल्या आणि शेवटच्या दफनाचं वर्ष, नोंदवहीप्रमाणे एकूण किती माणसं इथे आहेत, आणि त्यातल्या किती जणांची जागा ठाऊक आहे, ते लिहा. दगड नसलेल्यांची नावं नोंदवहीत सापडली तर ती एका बुटक्या, आडव्या शिळेवर दफनाच्या क्रमानं कोरा, हुद्दा किंवा घराणं न पाहता. तळाशी जागा मोकळी सोडा, कारण नावं पुढेही सापडत राहतात. आमच्या एका शिळेवर खुली झाल्यानंतरच्या सहा वर्षांत अकरा नावं वाढली आहेत.